निळा रेनकोट
ओल्या रेनकोटचा वास आला की मला ती गणपतीच्या आगमनाची मिरवणूक आठवते. आम्ही तिघी मैत्रिणी सकाळी पावसात गिरगाव हिंडून दुपारी परळला आलो होतो, आणि निळ्या रेनकोटातला एक माणूस सकाळपासून आमच्या मागे होता. टोपीमुळे त्याचा चेहरा दिसत नव्हता. ढोल-ताशांच्या गर्दीत तो पुन्हा अगदी जवळ दिसला, तेव्हा मी त्याची बाही धरून ओरडले, "ओ, आमच्या मागे काय फिरताय?" लोक वळून बघायला लागले. त्याची टोपी सरकली आणि माझी मैत्रीण पुटपुटली, "बाबा?" ते ओशाळून म्हणाले, "गर्दी फार असते गं, म्हणून आलो." ती पावसात एकटीच निघून गेली. पुढे तिने त्यांच्याशी किती दिवस अबोला धरला, हे विचारायचं धाडस मला आजही होत नाही.