चिंचेने घासलेली नाणी

भावोजींना शेवटचं भेटायला गेले तेव्हा वाटभर मनात एकच वाक्य घोळवत होते. महाडच्या दवाखान्यात ते डोळे मिटून पडले होते. उठवावंसं वाटलं नाही... 'उद्या सांगू' म्हणून परतले. सकाळी सातलाच धाकट्या जावेचा, सुमनचा फोन आला.

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर, मधुकर. बोटीवर फिटर होते. बंदर लागलं की बाकीचे घड्याळं, अत्तरं घ्यायला जायचे, हे जुन्या बाजारात शिरायचे. काळ्या समुद्रावरच्या एका बंदरात त्यांना रशियातलं, राजेशाहीच्या काळातलं तांब्याचं नाणं मिळालं आणि वेडच लागलं. चांगलं चार-पाच तोळ्यांचं, एका बाजूला दोन डोक्यांचा गरुड, दुसरीकडे राणीच्या नावाची अक्षरं. अशी अकरा जमवली. निवृत्त होऊन गावी, कापड्याला भातशेती बघायला लागले, तरी दुपारी जेवण झालं की नाणी मांडून बसायचे. "वहिनी, हातात घेऊन बघा. ह्याच्यावर कुणी पाव घेतला असेल, कुणी मीठ..." मला काळपट तांब्याशिवाय काही दिसायचं नाही.

मागे एका दिवाळीला आम्ही कापड्याला होतो. देवाची भांडी घासायला चिंच-मीठ काढलंच होतं. भावोजी पोलादपूरला बाजाराला गेलेले. त्यांना खूश करावं म्हणून मी अकराही नाणी घासून लखलखीत केली. ते आले, एक नाणं उचलून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि परत जागेवर ठेवलं. मग म्हणाले, "हात दुखले असतील तुमचे." मला ते कौतुकच वाटलं!

गेल्या वर्षी ठाण्याला लेकीबरोबर जुन्या नाण्यांच्या प्रदर्शनात गेले आणि तिथल्या माणसाला मोठ्या तोऱ्यात हे सांगितलं. तो कळवळलाच. "अहो, नाणं कधी घासायचं नसतं. तो रंग चढायला दोनशे वर्षं गेलेली असतात."

त्यानंतर तीनदा कापड्याला गेले. पिकाचं बोललो, गुडघ्यांचं बोललो. तेवढं एक बोलायला जीभ रेटली नाही.

तेराव्याला सुमन मला मागच्या खोलीत घेऊन गेली. खिडकीच्या फळीवर नाणी ओळीने उघडीच ठेवलेली. डागाडागांनी काळवंडली होती, पण तो जुना गडद रंग काही आला नव्हता.

"पेटीत नाही का ठेवत?" मी विचारलं.

"नाय ताई. तुम्ही घासलीत तेव्हापासून इथंच हायत. हवेनं काळी होतील म्हणायचे. रोज सकाळी उलटवायचे. मला बोलले, वहिनींना कळायच्या आत रंग परत यायला पायजे, नायतर त्यांच्या जिवाला लागंल."

ती चहा टाकायला गेली. भावोजी दवाखान्यात गेल्यापासून नाण्यांना कुणी हात लावला नव्हता, वर बारीक धूळ बसली होती. पदराने पुसायला गेले आणि हात आखडला. मग एकेक करून अकराही नाणी नुसती उलटवली.