हिरव्या तोंडाचा माणूस

आमच्या प्रिंटरमध्ये काहीही बिघाड नव्हता. हे मला आज ठाऊक आहे. त्या रविवारी दुपारी ठाऊक असतं, तर एका म्हाताऱ्या जोडप्याच्या काळजाचं पाणी झालं नसतं आणि मीही त्यांच्या घरात कोंडला गेलो नसतो!

झालं असं, की कॉलेजच्या नव्या ओळखपत्रासाठी मला फोटो हवे होते. (मी अकाउंट्स शिकवतो.) "मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्यावर स्टुडिओ आहे, तिथून काढून आणा," असं सुनंदा, म्हणजे आमची सौ., म्हणाली.

"घरात वायरलेस प्रिंटर असताना स्टुडिओत? म्हणजे नळाला रोज पाणी येत असताना टँकर मागवायचा!" मी म्हणालो. (आमच्या संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे उपमा जरा फसली. मुद्दा मात्र पोचला.)

सुनंदानं दाराला पांढरी चादर लावली आणि मोबाइलवर फोटो काढला. दोन्ही कान दिसले पाहिजेत म्हणून मी मान ताठ केली, श्वास रोखला आणि डोळे उघडे ठेवले.

"असं काय बघताय? खून करून आल्यासारखं!"

"ओळखपत्राला असंच लागतं," मी म्हणालो आणि प्रिंट दिली.

काही नाही. लॅपटॉप म्हणे, 'प्रिंटर सापडत नाही.' अरे, समोर कपाटावर बसलाय! मला दिसतोय, तुला कसा दिसत नाही? राउटर बंद करून चालू केला. प्रिंटरची पिन काढून पुन्हा लावली. नाकातोंडाला रुमाल बांधून कपाटामागची धूळ काढली. शेवटी लॅपटॉपला प्रिंटर नव्यानं शोधायला लावला. तर यादीत एकाच कंपनीचे दोन प्रिंटर हजर! फक्त शेवटचे आकडे वेगळे.

"दोन कसे हो?" सुनंदानं विचारलं.

"एक जुन्या नावानं, एक नव्या. अपडेट झालं की होतं असं." (अपडेट म्हणजे काय ते मला अजून माहीत नाही.) "ज्याची रेंज फुल, तो आपला!"

मी फुल रेंजवाल्यावर बोट ठेवलं. त्यानं पासवर्डसुद्धा विचारला नाही. "बघ, ओळखलं त्यानं मला!"

प्रिंट दिली. लॅपटॉप म्हणाला, 'छापून झालं.' प्रिंटर गप्प. छोटे फोटो त्याला झेपत नसतील, म्हणून चेहरा पानभर मोठा केला आणि पुन्हा दिली.

भिंतीपलीकडून किंकाळी आली. "अगं माय माय माय!"

शेजारी नवं बिऱ्हाड आलं होतं. मुलगा कंपनीत, सून माहेरी गेलेली, आणि त्याचे आईवडील आदल्याच दिवशी गावाकडून, पिशोरहून आलेले. आमची अजून गाठ पडलेली नव्हती. "मालिका बघत असतील," मी म्हणालो आणि बटण दाबलं. पुन्हा किंकाळी. दाबलं. किंकाळी!

"अहो, तुम्ही दाबलं की त्या ओरडतात."

"योगायोग!"

तेवढ्यात बेल वाजली. सुनंदानं दार उघडलं. बाहेर धोतर-टोपीतले एक म्हातारबाबा, घामानं चिंब.

"ताई, घरात कुनी कळतं-सवरतं मानूस हाय का? आमच्या मशीनीतून मानूस निघायलाय!"

"माणूस?" मी रुमालाआडून ओरडलो. "अख्खा?"

"नाय, निस्तं मुंडकं. हिरवं!"

सुनंदाचा हात तोंडावर गेला. मी मात्र डॉक्टरच्या सुरात म्हणालो, "व्हायरस."

"पोरगं ड्यूटीवर हाय, त्याचा फोन गेटवर जमा. तुमी बघता का जरा?"

बघतो म्हणजे काय! मी स्क्रू ड्रायव्हर उचलला. निघताना सुनंदाला सांगितलं, "मी येईपर्यंत अधूनमधून प्रिंट देत राहा. लागलं कनेक्शन तर लागलं." (हे वाक्य माझंच. मी कुणालाही दोष देऊ शकत नाही.)

शेजारच्या घरात प्रिंटरवर घोंगडं टाकलेलं. त्यापासून शक्य तितक्या लांब मावशी बसलेल्या, मुठीत मीठ-मिरच्या. निघालेली पानं जमिनीवर पालथी, वर वरवंटा.

"पालथी का घातली?"

"सरळ केलं की बघतंय ते!" मावशी म्हणाल्या.

"मावशी, घाबरू नका. यंत्र आहे ते. ह्याच्यामागं एखादा हलकट माणूस असतो. कुठंतरी लांब बसून गरिबांना छळतो. असल्यांना धरून फटके द्यायला पाहिजेत!"

"देऊ की," बाबा म्हणाले आणि कोपऱ्यातली काठी हातात घेतली.

मी घोंगडं काढलं. प्रिंटर थेट आमच्यासारखाच! मनात काहीतरी चुकचुकलं, तोवर तो घरघरला. आधी कपाळ आलं. हिरवंगार. मग भुवया. ह्या गृहस्थाला आपण कुठंतरी पाहिलंय, मला वाटलं. स्टाफरूममध्ये? मग वटारलेले डोळे. मग कान, दोन्ही, अगदी स्पष्ट! माझा श्वासच अडकला. तो घ्यायला मी तोंडावरचा रुमाल खाली ओढला.

मावशींनी पानाकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. परत पानाकडं पाहिलं. आणि मुठीतल्या सगळ्या मीठ-मिरच्या माझ्या तोंडावर!

"व्हय! ह्योच त्यो! भाईर आला वो, मशीनीतून भाईर आला!"

बाबांनी दाराला कडी घातली आणि काठी उगारली.

"हा मी नाही!" मी डोळे चोळत ओरडलो. "म्हणजे आहे मीच, पण मी इथून नाही आलो! म्हणजे इथंच आलोय, पण दारातनं आलोय!"

तेवढ्यात भिंतीपलीकडून सुनंदाचा गोड आवाज आला. "अहोऽऽ, लागलंय वाटतं! दहा पाठवू का एकदम?"

"अगं माय, अजून धा यायलेत!" मावशींनी कपाळावर हात मारला.

"पाठवू नको!" मी बोंबललो.

"काय? पाठवू?"

"नको!"

"बरं, पाठवते!"

आणि मी यायला लागलो. एकामागून एक, हिरवा, कान दाखवत, पंख्याच्या वाऱ्यानं घरभर पसरत. बाबा काठी उगारून उभे, पण नेमकं कुणाला हाणावं हे काही त्यांचं ठरेना. तेवढ्यात दार वाजलं.

"कोन हाय?"

"शेजारची! आमचे मिस्टर आलेत ना तुमच्याकडं?"

"कंचे?" बाबा म्हणाले. "लई आलेत!"

कडी निघाली. डोळ्यांतून पाणी गाळणारा नवरा आणि फरशीभर त्याची मुंडकी पाहून सुनंदा आधी पांढरीफटक पडली. मग जी हसायला लागली, ती उंबऱ्यावरच बसली. "बाबा, हाच माझा नवरा," ती कशीबशी म्हणाली. "रंग तेवढा तुमच्या मशीनीचा!"

हळूहळू उलगडा झाला. मुलानं नव्या प्रिंटरला पासवर्ड घातलेला नव्हता. तो आमच्या भिंतीला टेकून होता, म्हणून रेंज फुल. लाल शाई नीट बसली नव्हती, म्हणून मी हिरवा. आणि आमच्या प्रिंटरचं वाय-फायचं बटण धूळ पुसताना बंद झालेलं; यादीत होतं ते नुसतं त्याचं जुनं नाव. (धूळ मागच्या रविवारी कुणी पुसली होती, हा प्रश्न सुनंदानं चारचौघांत विचारला. मीच!)

मावशी बिचाऱ्या ओशाळल्या. स्वतः माझे डोळे धुऊन दिले, चहा केला. "सर, राग नका मानू," त्या म्हणाल्या. "पर फोटूत तुमी लई वंगाळ दिसता."

पानं गोळा करून फाडायला घेतली, तर बाबांनी हात धरला. "असू द्या सर. कागद लई चांगला हाय." रद्दीत घालतील म्हणून मी सोडून दिली. दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं स्टुडिओत जाऊन आलो.

पावसाळ्यानंतर बाबा पिशोरहून परत आले, ते मक्याच्या कणसांचं पोतं घेऊनच.

"घ्या सर. तुमचाच वाटा हाय ह्यात."

"माझा कसा?"

"तुमचे फोटू पिलॅस्टिकात घातले आन् मक्याभोवती काठ्यांवर टांगले. यंदा एक रानडुक्कर फिरकलं नाय! गेल्या साली बुजगावनं केलं हुतं, तर त्याच्या डोक्यावर पाखरं बसायची. तुमच्यावर एक बसलं नाय!"

सुनंदा कणसं घेऊन आत पळाली. तिचं हसणं स्वयंपाकघरातून बराच वेळ येत होतं.

कॉलेजात माझ्या तासाला मागच्या बाकावरची पोरं माझ्यासमोर डबा खातात. पण पिशोरच्या शिवारात आपला दरारा आहे!