आत्यापुढचा माईक

नवीन पनवेलच्या एका क्लबच्या लॉनवर माझी आत्या डोळे मिटून लग्नातला धवला गात होती, आणि तिच्या पुढ्यातला माईक बंद होता.

तिला माहीत नव्हतं. मलाही गाणं सुरू झाल्यावर कळलं. तिचे ओठ हलतायत, आणि स्पीकरमधून नुसती माझी गिटार आणि ढोलकी. साउंडवाल्याला खूण केली, तर त्याने आयोजकाकडे बोट दाखवलं. मी वाजवता वाजवता स्टेजच्या कडेला सरकलो. आयोजक कानाशी लागून म्हणाला, "अरे, मुद्दामच बंद ठेवलाय. फार गावठी लागतो आवाज त्यांचा. दिसतायत मस्त, बसू दे ना."

दिसतायत मस्त.

आमच्या ओवे गावात आत्या गायल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. ती धवलारीण. धवले गाऊन लग्नं लावते. आणि आमचा बँड फोक-पंकवाला. म्हणजे तिच्याच चाली घ्यायच्या, त्यांवर गिटार खाजवायची, ढोलकी बडवायची आणि बोंबलायचं. मुलाखतीत 'आमची मुळं' वगैरे मी ठोकून देतो. आत्या यायला तयार नव्हती. म्हणाली, मांडव नाय, नवरी नाय, मी गाऊ कोनासाठी? मीच हट्टाने आणली. हिरवं लुगडं नेसवलं, भाड्याची नथ घातली.

लाज वाटते सांगायला, पण आयोजकाचं ऐकूनही मी वाजवत राहिलो. एवढा मोठा कार्यक्रम पहिल्यांदाच मिळालेला. पुढची बोलावणी डोळ्यांपुढे नाचत होती. हात आपले चालतायत. धवला मधेच तोडला तर नवरीचा संसार मोडतो असं आत्या मानते, म्हणून ती इथे नवरी नसतानाही जीव तोडून गात होती. तिच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसल्या आणि मला माझीच किळस आली.

मी गिटार थांबवली. ढोलकीवाला बावचळून थांबला. मी माझ्या माईकवर बोललो, "आत्याचा माईक चालू करा. तवर आमी वाजवनार नाय."

स्टेजवर मी आमच्या बोलीत कधी बोललो नव्हतो. त्यांनी माझाही माईक बंद केला. आत्याने मात्र शेवटच्या ओळीपर्यंत धवला पुरा केला. पहिल्या रांगेला तरी ऐकू गेला असेल का, कोण जाणे.

घरी येताना रिक्षात तिने विचारलं, "लोकांना आयकू गेला का रं, बाला?"

हो म्हणून टाकावं, असं अगदी जिभेवर आलं होतं.

"नाय आत्ये. त्यांनी बंदच ठेवलेला."

ती नथ काढत होती. थांबली. "मंग मना सजवून बसवली कशाला?"

आयोजकाला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. पण सजवून बसवली होती मीच.

बँडमधले म्हणतात, आयोजकाची माफी माग, नाहीतर आपल्याला कुणी उभं करणार नाही. न करोत. आत्या गाईल तिथे आधी तिचा आवाज, मग माझी गिटार. हे कुणाला परवडत नसेल तर तिची एकही चाल मी वाजवणार नाही. मग बँड मोडला तरी बेहत्तर.