पाटाएवढी माती

सकाळी एक चिमणी अंगणातल्या खडीत अंग घुसळत होती. चिमण्या धुळीत न्हातात. इथे तिला नुसते दगड टोचत होते.

ही खडी माझ्या बायकोच्या, सुमनच्या, दुखऱ्या गुडघ्यांसाठी टाकली, तिला रोज बसून सारवायला नको म्हणून, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे. मला बुटांना चिखल नको होता. ती आठ दिवस माहेरी गेली, तेवढ्यात मी मातीवर प्लॅस्टिक अंथरून खडी ओतून घेतली. परतल्यावर ती पिशवी हातात धरून फाटकातच थांबली.

"अहो, आता रांगोळी कुठे काढू?"

"सुटलीस की!" मी हसलो.

मग ती पाटावर रांगोळी काढून तो पाट खडीवर ठेवायची. शेवटपर्यंत तिनं तक्रार केली नाही. खडीचं हेच बरं असतं, खाली काय मेलं ते दिसत नाही.

आज मी हातांनी खडी उपसली, प्लॅस्टिक फाडलं. माती पांढरीफटक पडली होती. पाणी शिंपडून तळहातानं सारवली. पाटाएवढी जागा झाली.

रांगोळीचा डबा घेऊन केव्हाचा बसलो आहे. मला साधा ठिपकाही घालता येत नाही.