हलर रिकामा फिरत होता

मला मदत केली ती कारध्याच्या एका बाबाजींनी. तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीत पंप आणि मोटरी सांभाळण्यात त्यांची उमर गेली होती, आणि रिटायर झाल्यावर ते वैनगंगेकाठच्या आपल्या घरी बसले होते. बसले म्हणजे नावाला. आठवड्यातून दोनदा तरी एस.टी. पकडून ते कुठल्या ना कुठल्या राइस मिलमध्ये, आरामशीनवर जायचे आणि तिथं वीज कुठे वाया जाते ते सांगून परत यायचे. पैसे घेत नसत, काही विकत नसत. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणाला वाटायचं की ह्यात मीच काहीतरी हुशारी केली. हुशारी त्यांची. माझ्या वाट्याला गप्प बसणं आलं, आणि ते मी फार मन लावून केलं.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. सातवीतच शाळा सोडली, इंजिनं बसवणाऱ्या एका टोळीबरोबर निघालो आणि फिरत फिरत साकोली तालुक्यात येऊन टेकलो. एकोडीच्या रस्त्यावर एक लहान राइस मिल होती, तिथं मिस्त्री म्हणून राहिलो. हलर चालवायचा, म्हणजे शेतकऱ्यानं आणलेलं धान भरडून त्याला तांदूळ काढून द्यायचा. बायको आली, मुलगी इथंच झाली. घरी पत्र लिहिताना मी दर वेळी 'इकडे सर्व ठीक' असं लिहायचो आणि पाकीट चिकटवण्याआधी ते पुन्हा एकदा वाचायचो. कारण ठीक होतं ते एका मिलवर ठीक होतं. ती गेली तर दुसरीकडे कोण मला ओळखत होतं?

ऐंशीच्या आगेमागे विजेचे दर वाढले, आणि मग पुन्हा वाढले. बिल आलं की मालक ते दोन बोटांत धरून उभे राहायचे, मेलेला उंदीर धरावा तसे. एकदा म्हणाले, "मिस्त्री, हे असंच रायलं तं ह्या हंगामानंतर हलर इकून टाकतो. इथं किरान्याचं दुकान टाकू."

"मग माझं काय, मालक?"

"तुमी कोकनातले. नारळ इकायले बसा."

सगळे हसले. मीही हसलो. घरी जाऊन जेवलो नाही.

मग सल्ले सुरू झाले. भंडाऱ्याचा मोटरवाला म्हणाला, मोटर लहान पडते, मोठी घ्या. पट्टे विकणारा म्हणाला, पट्टा जुना झाला. एकानं तर भिंतीवर बसवायची पेटी दाखवली, ती लावली की म्हणे बिल अर्धं. मालक प्रत्येकाला चहा पाजायचे. ज्याच्याकडे जे होतं, आमच्या मिलला नेमकं तेच कमी असायचं. कोणीही आत येऊन, पाच मिनिटं उभं राहून, हलर कसा चालतो ते पाहिलं नाही. मला सातवी नापास म्हणा, पण एवढं कळत होतं आणि बोलता येत नव्हतं.

शेवटी पट्टा घ्यायला मलाच भंडाऱ्याला पाठवलं. परतताना एस.टी.त ते वेटोळं मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारी धोतर-टोपीतले एक म्हातारे, हेच ते बाबाजी. त्यांनी न विचारता पट्ट्याला अंगठा लावून पाहिला.

"हा कायले घेतला गा?"

"जुना घसरतो."

"पुल्या सिध्या हायेत का, सूत लावून पाह्यलं?"

"दुकानदार म्हणाला पट्टाच..."

"दुकानदार पट्टा नाई सांगन तं काय सांगन? उपास सांगन?"

साकोली येईपर्यंत त्यांनी मला एवढे प्रश्न विचारले की शाळेतही कोणी विचारले नव्हते. मोटर किती हॉर्सची? एका पोत्याला किती वेळ लागतो? दोन पोत्यांच्या मधात हलर काय करतो? ह्या शेवटच्या प्रश्नावर मी म्हणालो, "काय करणार, फिरतो." ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मी येतो पाह्यले."

पुढच्याच आठवड्यात आले. मालकांना मी आधी सांगून ठेवलं होतं की एक जाणकार येणार आहेत. मालकांनी चहा मागवला. बाबाजींनी नको म्हटलं. मालकांनी मोटरचा काय भाव सांगता म्हणून विचारलं, तर म्हणाले, "मी काईच नाई इकत जी." मग ते सरळ मीटरपाशी गेले, उकिडवे बसले, मनगटावरचं घड्याळ कानाला लावून चालू आहे की नाही बघितलं आणि मीटरमधल्या फिरत्या चकतीकडे पाहत ओठातल्या ओठात मोजू लागले.

मालक ओसरीवरून पाहत होते. मला खूण करून जवळ बोलावलं.

"हा बुढा कोन आनला तुमी?"

"खाणीत होते मालक, मोटरीवर..."

"चहा नाई घेत. पैसे नाई घेत. इकत काई नाई. अन् मीटरसमोर बसून आकडे मोजून रायला. असा मानूस फुकट कायले येईन? इजेच्या ऑफिसचा मानूस हाये तो! आपल्यावर केस लावाले आला!"

आमच्या मीटरमध्ये काही भानगड नव्हती. तरी मालक घाबरले, आणि घाबरलेला माणूस आवाज चढवतो. धान घेऊन आलेल्या दहा-पंधरा लोकांसमोर ते बाबाजींना म्हणाले, "निंगा इथून. चोरावानी मीटर पाह्यता? वय झालं तं लाज नाई?"

बाबाजी गुडघ्यावर हात टेकून उठले. माझ्याकडे पाहिलं. मला त्या लोकांसमोर फक्त एवढंच म्हणायचं होतं, की मालक, ह्यांना मी बोलावलं, हे कोणाचे हेर नाहीत. एक वाक्य. माझ्या डोळ्यांसमोर किराणा दुकान आलं, मुलगी आली, रत्नागिरीची गाडी आली. मी वाकून हलरखालचा कोंडा उगाच काढू लागलो.

"निंगतो जी," बाबाजी म्हणाले. "पन तुमचा हलर उपाशी फिरून रायला, तेवढं पाहा."

मालक जेवायला गेल्यावर मी मागच्या वाटेनं धावत गेलो. ते नाक्यावरच्या मोहाच्या झाडाखाली एस.टी.ची वाट पाहत होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी वेगळंच विचारलं.

"रिकामा काहून चालू ठेवता बे?"

मी सांगितलं. मिलवर पूर्वी तेलाचं इंजिन होतं. त्याच्या धुराच्या नळीवर डबा बसवलेला असे, कुक्-कुक् आवाज कोसभर जायचा, आणि तो ऐकून लोक बैलगाडीत धान भरायचे. वीज आली, इंजिन गेलं, आवाज लहान झाला. आमच्याकडे लाइन कधी असते, कधी नसते. मिल थांबली की लोक समजतात लाइन गेली, आणि गाडी दुसऱ्या गावच्या मिलकडे वळवतात. म्हणून धान असो नसो, मालक हलर फिरवत ठेवतात. त्यात प्रत्येकाला आपलंच धान, आपलाच तांदूळ पाहिजे. एकाचा शेवटचा दाणा पडेपर्यंत दुसऱ्याचं पोतं उघडायचं नाही. दोघांच्या मध्ये बायका पाखडणार, भांडणार, हलर आपला फिरतोय.

बाबाजी मोठ्यानं हसले. एवढा अपमान झालेला माणूस असा हसू शकतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"म्हंजे तुमी इजेनं घंटा वाजवून रायले! आवाजच पाहिजे ना? तो मोटरचाच कायले पाहिजे? रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांग अन् ठोक. अन् माहं आयकू नको, तू मोज. चकतीवर काया ठिपका हाये. धान असताना एका मिनिटात किती फेरे, नसताना किती. मंग तुले जे दिसन ते कर."

गाडी आली, ते चढले. माफी माझ्या तोंडातच राहिली.

मी मोजलं. कोळशानं भिंतीवर रेघा ओढत मोजलं, तीन दिवस, कारण पहिल्या दिवशी मला माझ्यावर विश्वासच बसेना. रिकामा हलर भरल्या हलरच्या जवळपास निम्मी वीज खात होता. दिवसातला किती वेळ तो असा फिरतो ते मोजलं तेव्हा मी पोत्यावर बसूनच राहिलो. पट्टा ज्या चाकांवरून फिरतो त्या पुल्यांना सूत लावून पाहिलं, एक बोटभर तिरपी होती; ती सरळ केली आणि जुना पट्टा घसरायचा थांबला. नवा पट्टा तसाच गुंडाळलेला राहिला.

मालकांना सांगितलं. "त्या ऑफिसच्या मानसानं शिकवलं तुले?" एवढंच उत्तर. पुन्हा सांगितलं. "मिलचा आवाज बंद करू? उद्या मानसं म्हनतीन, मालक मेला." तिसऱ्यांदा सांगायची हिंमत झाली नाही.

मग लग्नसराईत मालक आठ-दहा दिवसांसाठी लेकीच्या सासरी गेले आणि मी जीव मुठीत धरून रुळाचा तुकडा टांगला. पहिल्या दिवशी लाइन आली तसा जोरात ठोकला, आणि शाळा सुटली समजून पलीकडच्या शाळेतली सगळी पोरं दप्तरं घेऊन रस्त्यावर. मास्तर तावातावानं आले. "मिस्त्री, तू शाळा सोडली ते सोडली, आता माही बी सोडवतं का?" दुसऱ्या दिवसापासून मी दोन-दोन ठोके, मध्ये थांबून, असं ठरवलं. लोकांनी थट्टा केली. एक जण रुळासमोर हात जोडून म्हणाला, "आरती कधी हाये?" पण गाड्या आल्या. चार-पाच पोती जमली की मी मोटर सुरू करायचो, ती ओळीनं पुढे-पुढे लावून ठेवायचो, आणि संपली की बंद. पोतं बदलताना कोणी पाखडत बसलं तर माझा हात बटणावर.

मालक परत आले, शांतता ऐकून दारातूनच ओरडले. पण अंगणात गाड्या उभ्या होत्या, म्हणून पुढं बोलले नाहीत.

पुढचं बिल उतरलं. त्याच्या पुढचं आणखी. मालकांनी ते ओसरीवर सगळ्यांना दाखवलं. मी बाजूला उभा होतो. वाटलं, आता विचारतील.

"पाहा," मालक म्हणाले, "तो बुढा ऑफिसचाच होता का नाई? मी दम देल्ला, अन् बिल खाली! असं असते. दबायचं नाई."

लोकांनी माना डोलावल्या. हलर विकायची गोष्ट निघून गेली. माझी नोकरी वाचली, माझं घर वाचलं, आणि वाचलं ते ह्या खोटेपणावर. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि एवढं हायसंही कधी वाटलं नव्हतं. दोन्ही एकदमच आलं, आणि मी आत जाऊन पुन्हा हलरखालचा कोंडा काढू लागलो. आजही मालक मिलवर बसले की हलर रिकामा फिरवायला लावतात, आवाजाशिवाय त्यांना करमत नाही. ते दुपारी झोपले की मी बंद करतो. आमच्या मिलची बचत मालकांच्या झोपेवर चालते.

त्यानंतर मी एकदा कारध्याला गेलो. तांदळाची लहान पिशवी नेली. बाबाजींनी सगळं ऐकलं आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "बिल खाली आलं ना? मंग झालं! कोनाच्या दमानं आलं तं काय." पण पाणी द्यायला आलेल्या त्यांच्या सुनेनं मला दारापर्यंत पोचवताना हळूच सांगितलं, "मामाजी आता कुठं जात नाई. ज्या मिलवर जातील तिथं मानसं मीटरची खोली बंद करतेत. ऑफिसचा मानूस म्हनतेत."

आमच्या मालकांची ती फुशारकी रस्त्या-रस्त्यानं, गाडी-गाडीनं पुढे गेली होती. जिथं जिथं धान जातं तिथं ती पोचली. आणि ती सुरू झाली तेव्हा खोडू शकणारा माणूस एकच होता, मी, कोंडा काढत उभा.

तांदळाच्या पिशवीनं हे फिटत नाही, एवढं मला कळतं. फिटेल ते एकाच तऱ्हेनं. ऐन हंगामात, ओसरी भरलेली असताना, मालकांसमोर मला सांगावं लागेल की त्या माणसाला मी बोलावलं होतं, तो कोणाचा हेर नव्हता, आणि बिल त्याच्या मोजण्यानं उतरलं. नोकरी सुटल्यावर हे बोलणं सोपं आहे, पण त्याला फेड म्हणत नाहीत. ह्या मिलचं खात असतानाच बोलेन. बाबाजी, अजून माझी हिंमत झालेली नाही. पण मी बोलेन, आणि तुम्ही हयात असताना बोलेन.