चांगदेवचा उलटा हात

मांडवगण फराट्याच्या शिवारात असा खांब नाही ज्यावर चांगदेव चढला नाही. एकोणीस वर्षं तो कंत्राटी लाइनमन. इकडं शिरूर, तिकडं दौंड, मधल्या भीमाकाठच्या साऱ्या तारा त्याच्या ओळखीच्या. जयंतीला विहारावरची रोषणाई त्याच्याच हातची. खांबाच्या टोकावरून उसाचं हिरवं पाणी वाऱ्यावर हलताना दिसे, आणि ते आपल्याला सगळ्यांच्या आधी दिसतं याचा त्याला अभिमान होता.

दोन वर्षांमागं त्याचा जोडीदार सावळाराम गेला. फोनवर 'लाइन बंद हाय' असं कळलं, म्हणून तो चढला. लाइन बंदच होती. पण कुणाच्या तरी जनरेटरची वीज उलटी तारेत शिरली होती. चांगदेव खाली दोर धरून उभा होता. तेव्हापासून चार हात वर गेलं की त्याच्या पोटऱ्या लटलट कापत. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

भाचा धम्मदीप रांजणगावला बॅटरीच्या कारखान्यात होता. त्यानं वाट दाखवली.

"मामा, आमच्या सेफ्टीत एक जागा निघतीय. जिमिनीवरचं काम. शहरात विजेच्या गाड्यांची रेस हाय, तिथं तीन दिस मार्शल ऱ्हावा, गाडी ठोकली की मदतीला धावायचं, आन् चांगलं काम केल्याचं पत्र आना. पत्र बघून साहेब घेत्यात."

चांगदेवनं ठेकेदार सोपानरावाला काम सोडल्याचं सांगितलं आणि एसटी धरली.

शहराचा रोजचा रस्ता दोन्ही बाजूंनी सिमेंटच्या ठोकळ्यांनी आणि जाळीनं बांधून काढला होता. गाड्या एका माणसापुरत्या, जमिनीला पोट लावून पळणाऱ्या. धूर नाही, धडधड नाही; लाकूड चिरणाऱ्या करवतीसारखा नुसता लांब आवाज.

मार्शल लोकांच्या प्रमुख सुषमा मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ड्रायव्हरच्या डोक्यामागं हिरवा दिवा असेल तरच गाडीला हात लावायचा. लाल असला किंवा दिवाच नसला, तर लांब राहायचं. आणि रबरी हातमोजे काढायचे नाहीत. काहीही झालं तरी नाही. आत नऊशे व्होल्ट आहेत."

तिसऱ्या दिवशी दुपारी, चांगदेवच्याच वळणावर एक गाडी भिंतीवर आदळली. पुढचं चाक उडालं. नाकाडातून धूर निघू लागला. ड्रायव्हरचा पाय आत अडकला होता. तो मुठीनं काठावर मारत होता. रेस थांबल्याचे लाल झेंडे फडकले. चांगदेव धावत पोचला.

कानातल्या यंत्रात मॅडम ओरडल्या, "दिवा हिरवा आहे! ओढा त्याला!"

चांगदेवचा हात पुढं जाईना.

हिरवा दिवा म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी शब्द. सावळारामलाही शब्दच मिळाला होता.

"चांगदेव! काय करताय? ओढा!"

त्यानं उजव्या हाताचा मोजा दातानं ओढून काढला आणि पंजाची मागची बाजू गाडीला टेकवली. लाइनमनची ही जुनी खोड. झटका बसला तर बोटं आवळतात. सरळ हातानं धरलेलं सुटत नाही, उलटा हात मागं फेकला जातो. नऊशे व्होल्टपुढं उलटा काय आन् सुलटा काय, हे त्यालाही कळत होतं. हाताला कळत नव्हतं.

काही झालं नाही. मग त्यानं पट्टे सोडले, काखेत हात घातले आणि सारा जीव लावून माणूस बाहेर ओढला. जाळीपलीकडं लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मॅडम आल्या त्या मोजाच उचलत.

"हा का काढला?"

"करंट बघत हुतो, मॅडम."

"दिवा हिरवा होता ना?"

"दिव्याला काय, मॅडम. दिवा कुनी तरी लावल्याला असतोय."

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "ते सगळं मोठ्या पडद्यावर दिसलं. तुमचं बघून उद्या दुसरा कुणी मोजा काढेल आणि मरेल. तुमच्या पत्रावर मी सही कशी करू?"

"मानूस जित्ता काढला की! पाया पडतो, पत्र द्या. मॅडम, मला खांबावर चढवत न्हाई आता."

हे वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला होता, आणि तेही एका परक्या बाईपुढं. मॅडमनी नजर वळवली, आणि त्याच्या गळ्यातला पास दोन्ही हातांनी अलगद काढून घेतला.

जाळीच्या बाहेर येऊन चांगदेवनं फोन लावला. आत रेस पुन्हा सुरू झाली होती.

"आप्पा, सोमवारपास्नं येतो."

"कोन, चांगदेव?" सोपानराव हसला. "म्हटलं, आता सायेब झालास! बरं झालं आलास. वाऱ्यानं गावात तीन खांब वाकल्यात. दुसरं कुनी चढंना."

"आप्पा, मला खालचं काही..."

"सकाळी सातला ये," सोपानराव म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.