मागे बसलेली गाडी

सतरा सीटची जुनी बस घेऊन माझ्या नवऱ्याने तिचं घर केलं. त्याला सव्वा वर्ष लागलं. तो न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात वेल्डर आहे. आठवडाभर दुसऱ्यांचे डबे सांधायचा आणि रविवारी आपली गाडी. पलंग, ओटा, कपाटं, बसून अंघोळ करता येईल एवढी मोरी, दोनशे लिटरची पाण्याची टाकी, सगळं त्याच्या हातचं. जोडांवरून बोट फिरवलं तर कुठे टोचत नाही.

गाडी खरं तर माझ्या आईसाठी होती. तिचे गुडघे गेलेत, एस्टीची पायरी चढवत नाही, परक्या ठिकाणचं न्हाणीघर तिला नको वाटतं. उभा जन्म उरणच्या मिठागरात गेला. अलिबागच्या पुढचा समुद्र तिने पाहिलेलाच नव्हता.

आरटीओकडे पासिंगला नेण्याआधी ट्रकच्या वजनकाट्यावर वजन करून घ्यायचं ठरलं. निघायच्या सकाळी आई अंगणात आली. गाडीच्या मागे जरा वेळ उभी राहिली, मग गुडघ्यावर हात टेकत वाकून तिने चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे पाहिले.

"जावई, गाडी मागं बसलीय."

"बसली नाही आई, तिची ठेवणच तशी आहे," नवरा हसून म्हणाला. "एकेक वस्तू वजन करून लावलीय मी."

"व्हय, पन लावलीत कुठं?"

तो टायरची हवा बघायला वळला. मला आईचाच राग आला. एवढी मेहनत केलेल्या माणसाला निघताना असं बोलायचं का?

रिकामी टाकी घेऊन निघायचा त्याचा विचार होता. आईने तेही होऊ दिलं नाही. "फिराया जाताना पानी न्हाय नेनार? भांडी न्हाय नेनार? मंग काट्यावर तरी तशीच न्या." तेव्हा टाकी भरली, सिलिंडर लावला, भांडी, गाद्या, कपडे सगळं चढवलं आणि आम्ही तिघं बसलो.

बंदराच्या रस्त्यावरचा काटा सगळ्यांना माहीत आहे. ट्रेलरच्या रांगेत आमची पांढरी गाडी अगदी खेळण्यासारखी दिसत होती. काट्यावर चढलो, खिडकीतल्या माणसाने आकडा वाचला: चार हजार चारशे दहा किलो. गाडीच्या आरसी पुस्तकावरची मर्यादा साडेचार हजार. नवऱ्याने स्टिअरिंगवर थाप मारली आणि माझ्याकडे पाहिलं. मीही हसले.

"आता पुढची चाकं खाली उतरवा," मागून आई म्हणाली. "मागचीच काट्यावर ऱ्हाऊ द्या."

खिडकीतला माणूस ओरडला, "मावशी, बसतंय की वजन! मागे लाइन लागलीय."

मागच्या ट्रेलरने हॉर्न दिला. नवरा क्षणभर थांबला, मग त्याने गाडी हळूच पुढे घेतली. नुसत्या मागच्या चाकांचं वजन आलं तीन हजार साठ. दाराशी ठोकलेल्या कंपनीच्या पट्टीवर मागच्या एक्सलची मर्यादा एकोणतीसशे लिहिलेली होती. म्हणजे एकशे साठ किलो जास्त, आणि पुढची चाकं हलकी.

नवऱ्याने गाडी बाजूला लावली आणि उतरून मागे जाऊन उभा राहिला. वाकून त्याने पाटे पाहिले. मग आईच्या खिडकीशी आला.

"आई, तुम्हाला कसं कळलं?"

"मीठ भरायचो ना आमी ट्रकात," आई म्हणाली. "डोक्यावर टोपल्या. जवळ पडतं म्हनून बाया मागंच वतायच्या. एकदा असाच मागं भरलेला ट्रक बांधावर चढला. पुढची चाकं जमीन धरेनात. डायवर स्टेरिंग फिरवतोय आनि गाडी सरळच चाललीय. गेली खाडीत. डायवर वाचला, पन पाय गेला त्याचा. तवापासून भरताना मी मागं हुबी ऱ्हायची. पाटे सपाट झाले का बास म्हनायची. मुकादम शिव्या द्यायचा. देऊ दे."

मी तिची मुलगी. मिठाने भेगाळलेले तिचे पाय मी लहानपणी खोबरेल लावून चोळलेत. पण हे तिने कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

पुढचे दोन रविवार नवऱ्याने स्वतःचंच काम तोडलं. शेवटच्या टोकाला असलेली पाण्याची टाकी काढून ड्रायव्हरच्या सीटमागे बसवली. मागचं सागवानी कपाट काढून टाकलं, तेव्हा त्याचा चेहरा मला बघवेना. आई शेजारी खुर्ची टाकून बसली होती. "काम झ्याक केलं व्हतंत," ती म्हणाली, "म्हनून तर सांगितलं. फालतू असतं तर गप ऱ्हायली असती."

दुसऱ्यांदा काट्यावर गेलो. मागचा एक्सल अठ्ठावीसशे तीस. आईला पावतीवरचं वाचता येत नाही, तरी तिने ती मागून घेतली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली.

पासिंग झालं आणि आम्ही निघालो. म्हसळ्याच्या अलीकडचा घाट उतरताना वळणावर गाडी कुठे कलली नाही, जिथे वळवली तिथे वळली. नवरा नुसता "वा!" म्हणाला. आई झोपली होती.

श्रीवर्धनला किनाऱ्यालगत गाडी लावली. शेजारी पुण्याच्या एका जोडप्याची तशीच गाडी होती, आमच्याहून मोठी, मागे शिडी आणि टांगलेल्या दोन सायकली. त्यातला गृहस्थ आमची गाडी आतून पाहून म्हणाला, "सुंदर! डिझाइन कोणाचं?"

"वेल्डिंग माझं," नवरा म्हणाला. "वजन कुठे ठेवायचं ते ह्यांनी सांगितलं. माझ्या सासूबाई."

माझ्या नवऱ्याला इतक्या ताठ मानेने बोलताना मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

आई ओट्याशी चहा गाळत होती. तिने खिडकीतून त्यांच्या गाडीकडे, मग सायकलींकडे पाहिलं.

"तुमची भरते किती काट्यावर?"

त्या गृहस्थाला सांगता येईना. आईने कप त्याच्या हातात दिला, पदर खोचला आणि एक हात माझ्या खांद्यावर ठेवून सावकाश पायऱ्या उतरली.

"चला," ती त्याला म्हणाली, "बघू तरी."